मिशीवाल्याचं पथ्य

चेंबूरच्या बाजारात चांगुणा विचारते,
"सहाच कोळंब्या? कोनाला गो?"
म्हटलं, घरी एक आहे. मिशा आहेत,
चावत नाही, सरळ गिळतो.
"म्हंजे आमच्या ह्यांच्यावानीच!"

कुर्ल्याचा दुकानदार म्हणाला होता,
जिवंत गोल्डफिश सोडा, मजा बघा.
सोडला एक.
मजा म्हणजे
पाणी एकदा हललं
आणि एक नारिंगी खवला
किती तरी वेळ खाली येत राहिला.

तेव्हापासून तिलापियाची तुकडी, गांडुळं,
तळाशी बुडणाऱ्या गोळ्या. चिकन बंद.
सोमवार, गुरुवार काहीच नाही.

त्या रात्री तो काचेला तोंड लावून असतो,
मी समोर साबुदाण्याची वाटी घेऊन.
वर दाण्याचं कूट, तूप.

उपास खरा त्याचाच.