दोन वेग

बावीस वर्षं मी त्या आवाजाशेजारी झोपलो.
होटगी रस्त्यामागच्या पोहण्याच्या तलावाची मोटारखोली,
चार पायऱ्या खाली, भिंतीला बारमाही पोपडे,
आणि सिमेंटच्या ओट्यावर पाच हॉर्सपॉवरची ती बया.
तिला एकच येत होतं, जीव तोडून ओढणं.
दुपारी चारला शंभर पोरं उड्या मारताना
आणि रात्री दोनला पाण्यावर चिलट नसताना
तोच दम, तोच थयथयाट,
लोखंडी कॉटवर माझ्या पाठीला तोच झिणझिणाट.

घरी मी ओरडून बोलतो, असं महानंदा म्हणते.
मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं.

एप्रिलात विजेचं बिल आलं.
मॅनेजर उपळाईकरांनी चष्मा पुसून
पुन्हा तोच आकडा वाचला
आणि राजमल्लू चिप्पाला निरोप गेला.

राजमल्लू अशोक चौकातला वायंडर.
तरुणपणी पंधरा वर्षं मागावर काढली,
उजवा कान तिथंच ठेवून आला.
आता तो तळहातानं ऐकतो.
तापत्या बॉडीवर पंजा टेकवला, डोळे मिटले,
किती तरी वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणाला, "बेअरिंग गेलंय.
अन् हिला हळू चालायला कुणी शिकवलंच नाही बे."

नवी आली टमटममधून, गोणपाटात, हिरवीगार.
भिंतीवर तीन घरांचा खटका बसला.
त्याच्याखाली मी खडूनं लिहिलं: जोरात. बंद. हळू.
राजमल्लूनं सांगितलं, वेग निम्मा केला
तर वीज निम्मी नाही लागत,
आठवा हिस्सा, घर्षणाबिर्षणाचं धरून थोडी वर.
"आणि पाणी?" उपळाईकरांनी विचारलं.
"पाणी निम्मं. पण रात्र केवढी मोठी हाय तुमच्याकडं."

जुनी भंगारात गेली.
तांब्याचं वजन करताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो,
कारण काही नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मीच चुकलो.
थेट हळूवर टाकली तर नुसती पोकळ फिरली,
काचेच्या झाकणाखाली बुडबुडे, पाणी वर येईना.
फोनवर राजमल्लू हसला.
"आधी जोर दे की. पाणी धरलं का मग सोड."
तसं केलं. गाळणीचं भांडं भरलं,
खटका खाली ओढला,
दाबाचा काटा घसरत घसरत तळाशी येऊन टेकला
आणि खोली रिकामी झाली.

त्या रात्री मी चारदा उठलो.
मेली की काय म्हणून पंजा टेकवून पाहिला.
होती. मांजर झोपेत गुरगुरतं तेवढीच होती.
पुन्हा आडवा झालो तर
शॉवरचा नळ गळताना ऐकू आला, जो मला वाटतं
गेली दहा वर्षं गळत असणार.
छतातली पाल.
काठाच्या नाळीत पडणारं पाणी,
एकाच जागी, एकच शब्द घोळवत.
आणि ह्या सगळ्याच्या मागं, माझ्याच डोक्यात,
जुनी मोटार. ती अजून चालूच.
तिचा खटका कुठंय ते राजमल्लूलाही ठाऊक नसावं.

तीन वाजता फोन वाजला.
आमच्या गल्लीला पाचव्या दिवशी पाणी येतं
आणि येतं ते असंच, चोरासारखं.
चार लाख लिटर उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला
महानंदा सांगत होती,
नळ आलाय, पिंप सरकवायला कुणी नाही, सायकल काढ.

"येतो," म्हणालो.

पलीकडं घागरीत धार पडत राहिली.
मग ती जरा बिचकून म्हणाली,
"कोण बोलतंय?"