आज काय लावतीस?

पट्टा सुरू झाला की पहिला प्रश्न मला:
"आज काय लावतीस?"

फोन माझा. महिन्याची वर्गणी नऊजणींची,
सुट्ट्या पैशांत, बांगड्यांच्या डब्यात जमणारी.
स्पीकर शेडगे मुकादमाच्या पोराचा, वरातीत फाटलेला,
म्हणून जाड आवाज चालत नाही.
बाईचा हवा, नाहीतर एखाद्या सडपातळ बाप्याचा,
बेदाण्यातल्या काडीसारखा
खडखडाटातून वेगळा कळणारा.

पाच मिनिटं देतो आम्ही पुस्तकाला.
कुणी लिहिलं, कुणी विचारत नाही.
वाचणारा घाईत आहे का, एवढंच हौसाक्का ऐकते,
मान तिरकी करून, कलिंगड वाजवून बघावं तशी.
मधेच त्याचा आवंढा ऐकू आला तर म्हणते,
"माणूस हाय. ऱ्हाऊ दे."

एकदा यशाचं पुस्तक लावलं.
पहाटे पाचला उठा, तो म्हणाला, आयुष्य बदलेल.
साडेतीनला उठून आलेल्या नऊजणी
एकदम हसलो.
"ह्याला भाकरी कोण करून देतंय, ते विचार," सुलभावहिनी म्हणाली.
तिथंच काढलं. काळ्या मण्यांच्या डब्यात.

खुनाचं मुकादमाला नको असतं.
संशय वाढला की हात थांबतात,
पेटीत काड्या राहतात, तासगावचा व्यापारी ओरडतो.
पण खुनी माळीच, हे पैजेवर सांगून
वडापाव जिंकला तो त्यानंच.

भुताचं जेवणानंतर, डोळे मिटायला लागतात तेव्हा.
प्रवासाचं कधीही.
एक बाई एकटी बर्फात चालत निघाली होती,
तेव्हा कोल्ड स्टोरेजात पेट्या लावणारी मालन
जाणकारासारखी म्हणाली,
"बोटं आपली ऱ्हात न्हाईत. खरं सांगतीय ती."

प्रेमाचं लावायचं तर
जुबेदाभाभी आधी सुनेकडं बघते.
सून म्हणते, "लावा की, मी कुठं ऐकतीय."
दोघी ऐकतात.
त्या दिवशी दोघींच्या ट्रेमध्ये
एकही काडी सापडत नाही.

कविता एकदाच लावली, चुकून.
कुणी काही बोललं नाही.
पट्टा बंद झाल्यावर, पदर झटकताना,
हौसाक्का म्हणाली, "कळलं न्हाई.
उद्या परत लाव."

यंदा शेवटी शेवटी मोठी कादंबरी घेतली, बावीस तासांची.
नको म्हणत होते मी, माल थोडा उरलाय.
पण त्यातली बाई पहिल्याच पानात
नवऱ्याची सायकल विकून गाव सोडते,
मग कोण थांबवणार?

चाळीस मिनिटं राहिली आणि माल संपला.
तिच्या हातात भावाचं पत्र आलेलं,
अजून फोडलं नव्हतं.
मुकादमानं पट्ट्यावर ताडपत्री टाकली, हिशेब केला,
मग तोही उभाच राहिला.

शपथ घातली सगळ्यांनी मला: एकटीनं ऐकायचं न्हाई.
सावळजच्या जीपमध्ये फोन मांडीवर,
एक बोट लावलं की झालं.
नाही लावलं.

आठवड्याला कुणाचा तरी फोन येतोच,
"ऐकलंस का गं?"
"न्हाई."
"बघ हां."

द्राक्षाचं एक खोडसुद्धा आमचं नाही,
पण आता मी येईल त्या बागवाल्याला विचारते,
औंदा छाटणी कधी धरणार?
तो म्हणतो, तुला कशाला?
काय सांगू.
एक पत्र फोडायचं राहिलंय.