बाकी

ह्रोनेत्सची कादंबरी आली तेव्हा
आमच्या या स्लोव्हाक खाणगावात, टेकडीवर,
नुसतं घंटाघर होतं. त्याला गोष्ट नव्हती.
आता उन्हाळ्यात ब्रातिस्लाव्हाहून बसेस येतात,
पोरं विचारतात, अपोलेना कुठे उभी होती?
वाटाड्या बोट दाखवतो. दगडात
दोन पावलांचे खळगे आहेत.
नगरपालिकेने ते कोरून घेतले, मी लहान असताना;
पाथरवट आमच्या शेजारीच राहायचा.

आंधळी अपोलेना. तुर्क दरीत उतरले त्या रात्री
घोडे आधी तिला ऐकू आले.
तिने घंटा ओढली, ओढतच राहिली
दोर तुटेपर्यंत.
पान एकशे चौदा. कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे.
खाटीक मांस तोलता तोलता सांगेल
की ती त्याच्या आईकडून नात्यातली.

मी दफ्तरखान्यात काम करते.
सोळाशे एकोणसत्तरची खर्चाची वही माझ्या ताब्यात आहे,
कातडी बांधणीची, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.
तिच्यात त्या वर्षी तुर्क नाहीत.
अपोलेना तर कुठल्याच वर्षी नाही.
एक ओळ आहे:
घंटेसाठी नवा दोर, बारा हात.

इतकंच. ह्रोनेत्स याच टेबलाशी बसला होता,
वाचकांच्या नोंदवहीत सही आहे,
फेब्रुवारीतल्या कुठल्याशा मंगळवारची.
त्याने स्वतःला विचारलं असणार, नवा का?
जुन्याचं काय झालं?
मी विचारलं नसतं.
मी लिहिलं असतं: दोर, नग एक.

त्याच्यावर रागवायचं मी कधीच सोडून दिलं.
खरं सांगायचं तर आता मलाही
ती ओळ नुसती वाचता येत नाही.
बारा हात म्हटलं की
सोललेले तळवे दिसतात,
आणि बाराच्या बारा हात तिचेच वाटतात.

फक्त खालची ओळ त्याने घेतली नाही.
शाई फिकट आहे. किंवा शेवटची बस चुकत असेल.
दोर वळणारा मेल्खिओर, देणे तीन नाणी,
बाकी.
पुढची पानं मी तीनदा चाळली.
फेडल्याची नोंद नाही.

अपोलेनेला दर ऑक्टोबरात मेणबत्त्या लावतात.
यंदा मीही गेले. एक लावली, रीत म्हणून.
मग डाव्या खळग्यात,
जिथे पावसाचं पाणी साचतं,
तीन नाणी टाकली, मेल्खिओरची.
मागच्या बाईने नवऱ्याला हळूच सांगितलं,
इथली जुनी प्रथा दिसते.

दुसऱ्या दिवशी खळग्यात
अकरा नाणी होती.