तीळ

रिळांना व्हिनेगरचा वास सुटलेला.
मिल ताब्यात घेतली त्या सोळा दिवसांचा माहितीपट
तीन महिने पुसत बसलो:
बुरशी, ओरखडे,
फाटकावर चढलेल्या माणसाच्या
गालावरचा काळा ठिपकासुद्धा.

भोंगा मात्र सापडला नाही.

साखर पेठेत दोन खांबांना
पांढरी चादर ताणून दाखवला.
भोंग्याच्या जागी नुसती शांतता आली
तेव्हा मागं कुणी म्हातारा
डबा चाचपत उठला,
परत बसला.

नरसम्मा चिप्पा विड्यांचं सूप
मांडीवर घेऊन बघत होत्या.
हात थांबला.
"तोंड त्यांचंच की ओ.
तीळ कुठं गेला?"

चौदाशे फ्रेम.
रात्रीपासून एकेक उघडतोय,
गालावर तीळ
परत ठेवतोय.