भुरक्याला खोकला का आहे

अडावदच्या केळीबागेतून मी
एक प्राणी उचलला आणि पडद्यावर सोडला:
वीतभर, मऊ, दात नसलेला.
नाव ठेवलं भुरक्या.
पहिल्या पातळीत तो केळफूल होतो,
जांभळा, खाली मान घालून लोंबता.
दुसरीत पाठ उलगडतो,
पाठीवर बिबट्याचे दोन डोळे,
एक किंचित तिरका ठेवलाय मी,
फार नेमकं काढलं की खोटं दिसतं.

खाली फिरतो करपा.
सहा पाय, लांब नाक, कायम उपाशी.
(नाव केळीच्या रोगाचं. इकडे त्याहून भीतीचं दुसरं नाव नाही.)

करपा शिकतो. तेही मीच लिहिलंय.
तीनदा फसला की चौथ्यांदा
सरळ डोळ्यांवर पाय देतो.
म्हणून रानात कुठेतरी
एक खरा बिबट्या ठेवावा लागतो,
अधूनमधून पंजा मारणारा,
नाहीतर सोंग फुकट.

सगळं हरल्यावर शेवटचा उपाय:
भुरक्या अंधारात खोकतो.
जाड, विडीनं खरवडलेला खोकला.

पुण्याहून पारितोष विचारतो,
"खोकला का? डरकाळी टाक ना,
तयार मिळते."

बाप केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा,
महिन्यात चार दिवस घरी.
आई रोज दिवेलागणीला
त्याच्या नऊ नंबरच्या चपला दाराशी मांडायची,
एक सरळ, एक कलंडलेली,
आत्ताच कुणी काढल्यागत.
रात्री कडी वाजली
की आधी दिवा घालवायची, मग खोकायची
त्याच्या घशातून,
मग तसाच जड आवाज:
"कोन शे रे तठे?"
बाहेरची पावलं थबकायची,
वळायची.
गोधडीत मलाही क्षणभर वाटायचं,
आले.

आणि तो खरंच आला की
त्याला ओट्यावर बसवून म्हणायची,
खोका जरा,
गल्लीत ऐकू जाऊ द्या.

मग एका उन्हाळ्यात ट्रक परत आला,
चालवणारा दुसराच.
गल्लीला ते कळलं.
लांबच्यांना कळलं नाही. खोकला
मी बारावी होईपर्यंत चालला.

परवा घरी गेले, पंखा बंद केला,
मोबाईल तिच्या तोंडाशी धरला.
"कसाले वं माय?"
गेमसाठी, म्हटलं.

फाईलचं नाव आहे: बाप ३.
आधीच्या दोन्हींत
तिला हसू आलं होतं.