शिडी

कुपवाडच्या एमआयडीसीत, फौंड्रीच्या माडीवर
संध्याकाळी साडेसहाला आमचा वर्ग भरतो.
खाली ओतकाम चालू असलं की फळा थरथरतो.
आरगे मॅडम म्हणतात, थरथरू दे,
नेटवर्क कुठलंच स्थिर नसतं.

पहिल्या दिवशी गृहपाठ :
हळदीच्या अडत दुकानाचं नेटवर्क काढा.
अकरा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, गोदामात कॅमेरे,
मालकाचा मोबाईल,
मालकाच्या मेव्हण्याचा मोबाईल.
आम्ही सगळ्यांनी एकच मोठा गोल काढला
आणि भोवती फायरवॉल, विटाविटांची.
इरफान तांबोळीनं तर वर काचा लावल्या.

मॅडमनी एवढंच विचारलं,
चोर आत आलाय. आता?

आता काय.
गोलात सगळे एकमेकांचे सोयरे.
प्रिंटरला खातेवही दिसत होती,
कॅमेऱ्याला बँक.

मला हरिपूर आठवलं.
अण्णा पेवात उतरायचे.
तोंड एवढंसं, खांदे चोरून जावं लागे,
आत पोट हे मोठं, अंधार आणि हळद.
ह्या पेवाची वाट त्या पेवात नाही.
एक नासलं तर एकच नासायचं.
पाच सालच्या पुरात मात्र सगळीच गेली.
तेव्हा अण्णा म्हणाले होते,
नदीला भिंत दाखवू नये, उंची दाखवावी.

मी गोल पुसला.
हिशेब वेगळा, कॅमेरे वेगळे, पाहुण्यांचं वायफाय ओसरीवर.
मधल्या प्रत्येक दाराला कुलूप,
ज्याला जेवढं लागतं तेवढीच किल्ली.
सर्व्हर वरच्या मजल्यावर.
आणि रोज रात्री एक प्रत जतला,
जिथं पूर येत नाही,
पाणीच येत नाही.
वर्ग हसला. मॅडमनी बरोबरची खूण केली, लाल खडूनं.

मालकांना मी हेच मांडून दाखवलं.
म्हणाले, मला तरी सगळं दिसू दे की गं.
म्हटलं, तुम्हालाच आधी फसवतील.
तरी त्यांनी केलं. नवा स्विच आला, केबलला रंग आले.
आठवडाभर मी मार्केट यार्डात
जरा ताठ चालत होते.

मग तो मंगळवार.
सौदे चालू, पिवळी धूळ, कुणाला कुणाचं ऐकू येत नाही,
आणि निळ्या शर्टातला एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन आला.
कॅमेरा बघायचाय, म्हणाला.
मी नाव विचारलं नाही.
चहा घेणार का, विचारलं.
फरशी हळदीनं निसरडी होती,
पडेल बिचारा,
म्हणून शिडी धरली.

गुरुवारी मॅडमनी पडदा सोडला.
मालकाची लेखी परवानगी आधी दाखवली,
मग आमचे भाव, आमची उधारी,
गोदामाच्या किल्लीचा फोटो.
एवढं सगळं एका काडेपेटीएवढ्या डबीनं,
स्विचच्या मागं, पाच मिनिटांत खोचलेल्या.
शेवटी एक चित्र : शिडीच्या पायरीवर हात, नखं पिवळी.
नाव त्यांनी घेतलं नाही.
वर्गात तशी नखं माझीच.

घरी येऊन अण्णांना विचारलं,
पेव उघडलं की लगेच उतरायचा का?
छे. आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
रोजचं, ओळखीचं पेव असलं तरी?
अण्णांनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं.
ओळखीच्यातच माणसं गेली, पोरी.

आज परत एक जण शिडी घेऊन आला.
खरंच रंगारी होता, मागून कळलं.
मी ओळखपत्र मागितलं, मालकांना फोन लावला,
तोवर तो दारात उभा, शिडी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर.
चांगलाच वैतागला.
चहा मी बाहेर पाठवला.