प्रकरण तिसरं : संशोधन पद्धती

आधी मोजायचं, मग विचारायचं,
असा क्रम ठरला होता.
शिरगावकर मॅडमनी समासात लाल शाईने लिहिलं,
‘हाच क्रम का, ते सांगा.’

तर सांगते.
साकीनाक्याला पत्रा कापणारे एकशे बारा गाळे.
चिठ्ठ्या टाकून अठ्ठावीस निवडले.
प्रत्येकात आवाजमापक टांगला, दारापासून तीन पावलांवर,
सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.
कान तपासले दोनशे सहा जणांचे,
बंद पडलेल्या दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत,
कारण अख्ख्या गल्लीत
शांतता तेवढीच भाड्याने मिळाली.
हे वाक्य मॅडम काढायला लावणार.

मग त्यातले चौदा, हेतुपूर्वक निवडलेले.
म्हणजे जिथे आकडा आणि माणूस
एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

उ-४१. वय सत्तावन्न. चौतीस वर्षं पॉवर प्रेसवर.
उजवा कान साठ डेसिबलपर्यंत गेलेला, डावा त्याहून वाईट.
म्हणाले, मला त्रास काही नाही, नीट ऐकू येतं.
मी नोंदलं : नकार.
त्यांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली,
‘हल्ली मी यांच्यासमोर वाट्टेल ते बोलते.
तीस वर्षांचं साठलंय.’
आणि हसली. तेही हसले,
ती हसली म्हणून.
रेकॉर्डरमध्ये हे सगळं आहे.
माझ्या संकेतयादीत याला खाना नाही.

दुसऱ्या भेटीत ते मला गाळ्यात घेऊन गेले.
माझा तळहात धरून प्रेसच्या पायावर ठेवला.
खालून काहीतरी वर चढत आलं,
मनगट, कोपर, दाढा.
‘डाय झिजायला लागली की
पोरांच्या आधी मला कळतं.
आलं ऐकू?’

परत येऊन ‘नकार’वर काट मारली.
पेन्सिलीने.
त्या जागी काय लिहायचं
ते दोन आठवडे ठरत नाहीये.

एकत्रीकरण : दोन्ही निष्कर्ष एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी.
डावीकडे साठ.
उजवीकडे कर्सर लुकलुकतोय.

नैतिक बाबी : उत्तरदात्यांची नावं गुप्त ठेवली आहेत.
संमतीपत्रावर सही करताना त्यांनी विचारलं होतं,
‘पुस्तकात माझं नाव येणार ना?’
नाही, मी म्हणाले. मोठ्याने, दोनदा.
त्यांनी खूश होऊन मान हलवली
आणि सही केली,
पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट,
एकेक अक्षर सुटं.